उजवा पंख

चिमटीला हे नाव तिच्या नणंदेने दिलं, आणि तेही ती लग्न होऊन घरात आली त्याच्या तिसऱ्याच दिवशी. नव्या सुनेने जेवणाच्या खोलीतल्या पडद्याचा काठ अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरला, वरपासून खालपर्यंत ओढून पाहिला आणि ‘यात सूत कमी आणि खळ जास्त आहे’ असं सरळ सासूला सांगून टाकलं. पडदे सासूने स्वतः हौसेने निवडलेले होते. पुढचे सहा महिने त्या घरात पडद्यांचा विषय कोणी काढला नाही, पण चिमटी हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे तिने शिवणाचं दुकान काढलं तेव्हा गिऱ्हाइकंही तिला चिमटीताई म्हणू लागली. तिला त्याचं वाईट वाटेनासं झालं. उलट थोडा माजच चढला.

माज चढावा असा हात होता म्हणा. डोळे मिटून कापडावरून अंगठा फिरवायची आणि ते किती धुण्यांनी विटेल ते सांगायची. लेस हातात आली की ती चिमटीत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सर्रकन ओढायची. गाठ, तुटका धागा, सैल टाका, जे काय असेल ते बोटांना कळायचं. हे ती ठरवून करत नसे. बोलता बोलता, फोनवर असताना, एकदा तर अंत्ययात्रेला गेलेली असताना शेजारच्या बाईच्या शालीला तिने असा हात घातला होता, आणि नंतर दोन दिवस जीभ चावत बसली होती.

दुकान दोन खोल्यांचं. पुढे कापायचं मोठं टेबल, उभा आरसा आणि भिंतीला लागून लेसांचे खण. मागे यंत्रं, आणि खिडकीशी नणंदेची खुर्ची. नणंद वयाने मोठी, म्हणून चिमटी तिला वन्सं म्हणे. मणी, टिकल्या, काज, हुक, जे जे हाताने करायचं ते सगळं वन्संकडे. वन्सं बोलायच्या कमी आणि टोचायच्या जास्त, मग हातात सुई असो की नसो. तयार झालेल्या प्रत्येक कपड्याला मानेच्या आत काळ्या सॅटिनचा एक छोटा टॅग लागायचा. त्यावर सोनेरी दोऱ्याने भरलेलं असायचं, ‘चिमटीच्या हातचं’. तो टॅग चिमटी स्वतः लावायची. तेवढं एक काम तिने कधी कोणाला करू दिलं नाही.

अशा या दुकानात एका सकाळी पियानोच्या बाई आल्या. गावातल्या निम्म्या मुलांच्या बोटांवर त्यांनी छड्या मारलेल्या, त्यामुळे त्यांना कोण ओळखत नव्हतं? त्रेसष्ट वर्षांच्या, ताठ, नखं मुळापासून कापलेली. काखेत टॉवेलात गुंडाळलेली एक चौकट होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली, टॉवेल उलगडला, आणि काचेखाली पंख पसरून बसवलेलं एक फुलपाखरू दिसलं.

“दादाने बसवलंय हे,” बाई म्हणाल्या. “मी नऊ वर्षांची होते, तो तेराचा. खिडकीत मेलेलं सापडलं. टाचण्या लावून, काच घालून माझ्या पियानोवर ठेवलंन. म्हणाला, तू कंटाळलीस तरी हे ऐकत राहील. तेव्हापासून तिथेच आहे.”

मग त्यांनी काम सांगितलं. पाच आठवड्यांनी मोठ्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलं, आता पहिल्यांदाच अख्ख्या वाद्यवृंदाबरोबर त्या स्वतः वाजवणार होत्या, आणि समोर कागद न ठेवता, पाठ. त्यासाठी लांब गाऊन हवा होता. कापड गर्द शेंदरी, अगदी साधं. मात्र गळ्याला, बाह्यांना आणि खाली घेराला काठ हवा होता तो या पंखासारखा.

“नीट बघा म्हणजे कळेल तुम्हाला काय काय आहे त्यात,” बाई म्हणाल्या. “फक्त काच उघडू नका हं. चोपन्न वर्षांत कोणी उघडलेली नाही.”

“छे हो, कशाला उघडू?” चिमटी म्हणाली. म्हणताना ती खरं बोलत होती, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं.

तीन दिवस तिने काचेवर लेसा ठेवून पाहिल्या. काळी मखमलीची पट्टी ठेवली तर काचेखालचा काळा करडा वाटायचा. सॅटिनचा गोट ठेवला तर काचेची चमक कुठली आणि सॅटिनची कुठली ते कळेना. चौकट खिडकीशी नेली तर काचेत आभाळ, दिव्याखाली नेली तर काचेत दिवा, आणि खाली वाकून बघावं तर काचेत चिमटीचंच तोंड. चौथ्या दिवशी दुपारी वन्सं दात दाखवायला डॉक्टरांकडे गेल्या होत्या. चिमटीने टाके उसवायची लहान सुरी घेतली, चौकटीमागचा जुना तपकिरी कागद कापला, चार बारीक खिळे वाकवले आणि फुलपाखरू पुठ्ठ्यासकट बाहेर काढलं.

उघड्यावर ते काही वेगळंच होतं. मुळाशी शेंदरी, कडेकडे जाता जाता तपकिरी, मग काळा काठ, त्या काळ्यात साईच्या रंगाचे चिमुकले चंद्र. आणि काळा संपून तपकिरी सुरू होतो तिथे निळी रेघ. एवढी बारीक की काचेतून चिमटीला ती नीट दिसलीच नव्हती. बाई म्हणाल्या होत्या नीट बघा, ते याचसाठी. तिने मखमलीची पट्टी डाव्या पंखाशेजारी धरली. तंतोतंत. मग तिला वाटलं, पण हा काळा मखमलीसारखा मऊ आहे की नुसता तसा दिसतोय? आणि हे कळून घ्यायला तिचा हात आयुष्यभर जे करत आला होता तेच त्याने केलं. डाव्या पंखाचा काठ चिमटीत धरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला.

एक शिंक यायला लागतो तेवढाच वेळ. हात मागे घेतला तेव्हा अंगठ्यावर निळीकाळी पूड होती आणि पंखाचा काठ जुन्या कांद्याच्या पापुद्र्यासारखा पारदर्शक झाला होता. निळी रेघ नव्हती. चंद्रांपैकी दोन उरले होते, तेही पुसट.

तिने अंगठा टेबलावरच्या पांढऱ्या मलमलीच्या तुकड्यावर पुसला आणि लगेच वाटलं की पुसायला नको होता. ती पूड परत कशी लावणार हा विचार तिच्या मनात खरोखर आला, इतकी ती भांबावली होती.

इथपर्यंतचं कोणीही माफ केलं असतं. फोन उचलायचा, बाई, हातून चूक झाली म्हणायचं, चार शब्द ऐकून घ्यायचे आणि मान खाली घालून काम करायचं. पण चिमटीने फोनकडे न बघता फुलपाखराकडे बघितलं, आणि तिला दिसलं ते असं, की डावी बाजू एक आणि उजवी बाजू एक. शिवणाऱ्या माणसाला हे सहन होत नाही. दोन्ही बाह्या सारख्याच चुकल्या तर गिऱ्हाईक आरशात बघून खूश होऊन जातं. एकच चुकली तर रस्त्यावरचा परका माणूसही थांबून सांगतो. बावीस वर्षांत हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. तिने उजवा पंख चिमटीत धरला. या वेळी हात आपोआप गेला नाही, तिने नेला. आणि सावकाश, टोकापर्यंत, नीट एकसारखा ओढला.

मग अंगठा मलमलीवर पुन्हा पुसला, फुलपाखरू काचेखाली ठेवलं, खिळे सरळ केले, नवा तपकिरी कागद डकवला आणि कागद जुना वाटावा म्हणून त्यावर गार चहाचा बोळा फिरवला. वन्सं सुजलेला गाल धरून परत आल्या तेव्हा ती दुसऱ्याच कोणाच्या तरी परकराला नेफा लावत होती.

दोन दिवसांनी बाई लेस निवडायला आल्या. चिमटीने टेबलावर तीन नमुने मांडून ठेवले होते. साध्या काळ्या मखमलीची पट्टी, त्यावर साईच्या रंगाचे मणी. कातरलेल्या काठाची काळी लेस. आणि काळ्या रेशमी दोऱ्याची वळलेली बारीक दोरी. निळ्या रंगाचं त्यात काही नव्हतं. निळ्याचा खण तिने सकाळीच मागच्या खोलीत हलवला होता.

बाईंनी नमुने पाहिले, मग चौकट पाहिली. मग पुन्हा चौकट पाहिली.

“निळी रेघ कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“कुठली निळी?”

“काळ्याच्या आतल्या अंगाला. दोन्ही पंखांवर होती.”

मागच्या खोलीत वन्संच्या कात्रीचा आवाज थांबला.

“काचेत आभाळ पडतं ना, बाई,” चिमटी म्हणाली. गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तिची जीभ गुळगुळीत झालेली, शब्द कसे एकामागून एक घरंगळत आले. “मलाही आधी तसंच वाटलं होतं. जवळून बघितलं तर नाहीच आहे. आणि जुनी वस्तू, चंद्रही पुसट होत गेलेत बघा. रोज डोळ्यासमोर असलं की आपल्या लक्षात येत नाही.”

बाईंनी चष्मा काढला, पदराच्या टोकाला पुसावा तसा ब्लाउजच्या कडेला पुसला आणि परत लावला. “एका बाजूची गेली असती तर म्हटलं असतं झडली,” त्या हळूच म्हणाल्या. “पण दोन्हीकडे नाही. म्हणजे नव्हतीच.”

ज्या कामासाठी तिने उजवा पंख ओढला होता, ते काम त्याने चोख केलं होतं.

“दादाचं असंच सुरू झालं,” बाई म्हणाल्या. “आधी किल्ल्या, मग रस्ते. मग जे नव्हतंच ते आठवायला लागलं. आईने म्हणे त्याला हिरवी सायकल घेतली होती. आमच्याकडे कधी सायकलच नव्हती. आता मला ओळखत नाही तो. मी गेले की उठून उभा राहतो, पाहुणी आलीय म्हणून.”

त्यांची उजव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर काहीतरी वाजवत होती. वाजवता वाजवता थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आणि पुन्हा त्याच जागी थांबली. चिमटीने ते पाहिलं आणि नमुने उगाच सरळ करायला घेतले.

“तुम्हाला बरं वाटेल ते लावा,” बाई म्हणाल्या आणि उठल्या. चौकट न्यायची विसरल्या म्हणून चिमटी ती घेऊन दारापर्यंत गेली, तर त्यांनी हात पुढे केला नाही. “राहू दे तुमच्याकडेच. आता बघवत नाही मला.”

त्या गेल्यावर चिमटीला वाटलं वन्सं काहीतरी बोलतील. वन्सं काही बोलल्या नाहीत. दिवसभर नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. वन्संच्या टोचण्याची सवय असलेल्या माणसाला त्यांचं गप्प बसणं किती बोचतं हे चिमटीला पहिल्यांदाच कळलं. आरशासमोरून जाताना ती खाली बघून जाऊ लागली, आणि शिवणाच्या दुकानात आरसा चुकवून चालणं म्हणजे किती कसरत ते शिवणाऱ्यांनाच विचारा.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला.

“गाऊनचं काम थांबवा,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता. “माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, ती वाजवेल. हॉलवाल्यांना उद्या कळवते आहे.”

“का हो, बाई?”

“कालपासून एकच पान चार वेळा विसरले. आधी म्हणत होते घाबरल्यामुळे होतंय. आता कळलं कशामुळे होतंय. भरल्या सभागृहात जे नाहीच ते वाजवत बसण्यापेक्षा आत्ताच थांबलेलं बरं.”

सांगायला हीच वेळ होती. चिमटीने तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून निघालं, “बरं.”

फोन ठेवल्यावर त्या एका ‘बरं’ची तिला जेवढी लाज वाटली तेवढी पंखांचीही वाटली नव्हती. ती टेबलाशी बसून राहिली. थोड्या वेळाने वन्सं मागून आल्या आणि त्यांनी मलमलीचा तो तुकडा तिच्यासमोर पसरला. त्यावर दोन निळेकाळे डाग होते.

“धुवायला काढला होता मी,” वन्सं म्हणाल्या. “मग नाही धुतला. हा एक फरफटलेला आहे, घाईत पुसलेला. आणि हा दुसरा कसा निवांत पुसलाय बघ.”

चिमटीने मान वर केली नाही.

“परवा मला वाटलं आत्ता सांगशील, मग सांगशील. मी कात्री हवेत धरून बसले होते, हात दुखून आला माझा.”

“काय तोंडाने सांगू, वन्सं?”

“काचेत आभाळ पडतं म्हणालीस ना? त्याच तोंडाने.”

चिमटीने चौकट टॉवेलात गुंडाळली आणि निघाली. बाईंचं घर दोन रस्ते सोडून होतं. वाटेत ती एका औषधाच्या दुकानात शिरली, काही न घेता बाहेर आली, मग शाळेच्या कुंपणाशी उभी राहून बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधली. एवढं करूनही रस्ता संपलाच.

बाईंनी दार उघडलं. खोलीत पियानोचं झाकण बंद होतं आणि वर, चौकट असायची तिथे, धूळ नसलेला एक चौकोन होता. चिमटी बसली नाही. बसलं तर उठेपर्यंत धीर सुटेल असं तिला वाटलं.

“बाई, निळी रेघ होती,” ती म्हणाली.

“काय?”

“होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. तुम्ही नको म्हणाला होतात तरी मी काच उघडली. रंग जुळवायला. आणि सवयीने पंख चिमटीत धरून ओढला, लेस ओढतात तसा. सगळी रेघ माझ्या अंगठ्यावर आली. तुम्हाला बरोबर आठवत होतं, बाई. खोटं मी बोलले.”

बाई पियानोच्या स्टुलावर खाली बसल्या. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या जवळजवळ हसल्या. “म्हणजे आठवत होतं मला,” त्या म्हणाल्या. “आठवत होतं.”

चिमटीचा जीव भांड्यात पडला. वाटलं, झालं, सुटले. ती टॉवेल उलगडून चौकट जागेवर ठेवायला पुढे झाली, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “आणि उजवा?”

चिमटी थांबली.

“तुम्ही एक पंख ओढलात म्हणालात. तोही सवयीनेच ओढला गेला का?”

‘हो’ म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. बाई इतक्या आनंदात होत्या की त्यांनी ते आनंदाने ऐकून घेतलं असतं, आणि ते खोटं आहे हे जगात चिमटी आणि वन्सं सोडून कोणाला कळलं नसतं. चिमटीच्या घशापर्यंत ते ‘हो’ आलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “डावा चुकून. उजवा मुद्दाम. दोन्ही सारखे दिसावेत, तुमच्या लक्षात येऊ नये म्हणून.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात कुठे ठेवावेत तेच कळेना. ज्या अंगठ्याचं तिला एवढं कौतुक होतं तो तिने मुठीत दाबून धरला होता.

“डाव्याचं मला वाईट वाटतंय,” बाई म्हणाल्या. “उजव्याचं काय वाटतंय ते मला सांगता येत नाही. गेले तीन दिवस मी रोज सकाळी उठून आधी स्वतःचं नाव घेऊन बघत होते, येतंय का.”

चिमटी उभीच राहिली. माफ करा म्हणायचं होतं, पण तो शब्द एवढ्याशा जागेला पुरणार नाही हे तिचं तिलाच दिसत होतं.

मग बाईंनी डोळे मिटले आणि बोलू लागल्या. “चंद्र सात. सातवा अर्धा. निळी रेघ पहिल्या चंद्रापाशी जाड, पुढे बारीक होत जाते. पाचव्यापाशी तुटते. सहाव्यापाशी परत सुरू होते.” डोळे उघडून त्यांनी विचारलं, “बरोबर?”

“बरोबर,” चिमटी म्हणाली. “पाचव्यापाशी तुटते.”

“मला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही ना?”

“नाही हो, बाई.”

“मी कसं ओळखणार?” बाईंनी हे रागाने नाही, खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं. “त्या दिवशीही तुम्ही असाच चेहरा करून सांगितलंत. उद्या सभागृहात मधेच मला वाटेल, मला काही आठवत नाहीये. तेव्हा पंख नसेल, तुम्हीही नसाल. मग मी कोणाला विचारू?” त्या उठल्या, पियानोचं झाकण उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. “हॉलवाल्यांना आता कळवत नाही, मीच वाजवणार. पण तुम्ही मानेपाशी आत तुमचा टॅग लावता ना? या गाऊनला तो नको. त्या जागी लिहून द्या. निळी रेघ होती. डावी चुकून पुसली, उजवी मुद्दाम. कागदावर नको, धुतल्यावर जातो. भरून द्या.”

दुसऱ्या दिवसापासून चिमटी काठाच्या मागे लागली. तयार मिळणारी कुठलीच लेस चालणार नव्हती, हे आता दोघींनाही कळलं होतं. काळी मखमलच घेतली. साईच्या रंगाच्या रेशमाचे चंद्र वन्संनी भरले, सात सात करून, प्रत्येक सातवा अर्धा. राहिला निळा. खणातून अकरा निळे दोरे निघाले. कोणता तो निळा? फुलपाखरावर तो आता कुठेच नव्हता. बाईंच्या आठवणीत होता, पण आठवणीशेजारी दोरा धरून बघता येत नाही. जगात तो निळा उरला होता एकाच ठिकाणी, मलमलीच्या तुकड्यावर, तिच्या स्वतःच्या अंगठ्याने पुसलेल्या डागात. चिमटीने तो तुकडा खिडकीत नेला आणि एकेक दोरा डागाशेजारी धरत गेली. हा गडद, हा जांभळट, हा शाळेच्या गणवेशाचा. नववा दोरा डागावर ठेवला आणि तो दिसेनासा झाला. दोरा मिळाल्याचा आनंद तिला व्हायला हवा होता. तिला रडू आलं. वन्संनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं, जे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं.

“टॅग मी भरते,” वन्सं म्हणाल्या. “तुझं भरण्यातलं अक्षर कोंबडीचे पाय.”

“नको. माझा मी भरते.”

तिला त्या दोन ओळींना पूर्ण दिवस लागला. अंतिम फिटिंगला बाई आल्या तेव्हा त्यांनी गाऊन अंगाला लावून बघितला नाही, काठही बघितला नाही. आधी मान उलटी करून टॅग वाचला, चष्मा लावून, सावकाश.

“‘मुद्दाम’ बाकीच्यापेक्षा लहान झालंय,” त्या म्हणाल्या.

चिमटीला ते माहीत होतं. भरताना तिलाही दिसलं होतं आणि तिने तसंच राहू दिलं होतं. “पुन्हा भरते,” ती म्हणाली. बाई खुर्चीवर बसून राहिल्या, आणि त्यांच्यासमोर चिमटीने तो शब्द उसवला आणि बाकीच्यांएवढा भरला.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पाचला होता. बाईंनी बोलावलं नव्हतं. वन्संनीच दोन जागा धरल्या, नवव्या रांगेत. आपण जाऊ नये असं चिमटीला वाटत होतं आणि न जाणंही जमत नव्हतं. बाई रंगमंचावर आल्या तेव्हा गर्द शेंदरी कापड दिव्यांखाली पेटल्यासारखं दिसलं, आणि त्याच्या कडेने काळ्यात निळी रेघ गेली होती. वाकून बसताना घेर पसरला. मागच्या रांगेत कोणीतरी कौतुकाचं काही बोललं. एरवी चिमटीची मान अशा वेळी दोन बोटं वर व्हायची. आज तिने पायांकडे बघितलं.

बाई वाजवू लागल्या. पहिला भाग संपला, दुसरा सुरू झाला. चिमटीला संगीतातलं फार कळत नाही, पण टाका सैल पडला की तिला आवाजानेही कळतं, आणि दुसऱ्या भागाच्या मध्यावर तसं काहीतरी झालं. बाईंचा उजवा हात पट्ट्यांवर थांबला. वाद्यवृंदाच्या संचालकाने मान वळवली. सगळं सभागृह एका श्वासापुरतं अडकून राहिलं. चिमटीने वन्संचं मनगट धरलं. बाईंनी डावा हात उचलला, मानेमागे नेला आणि दोन बोटं गळपट्टीच्या आत घातली. तिथे ती क्षणभर राहिली, अक्षरांवरून फिरवावीत तशी फिरली. मग हात खाली आला आणि जिथे सुटलं होतं तिथून त्या वाजवू लागल्या, आणि पुढे कुठेच थांबल्या नाहीत.

चिमटीच्या शेजारी कानांत मोती घातलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्या हातातल्या पंख्याआडून आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, “गळ्याला टोचत असणार काहीतरी. शिवणारीने आत काय राहू दिलंय कोण जाणे. एवढ्या कार्यक्रमात असला निष्काळजीपणा.”

वन्संनी तोंड उघडलं. बावीस वर्षं टोचत आलेलं ते तोंड, आज पहिल्यांदाच भावजयीच्या बाजूने उघडलं होतं. चिमटीने त्यांचं मनगट घट्ट दाबलं आणि त्या बाईंकडे वळली.

“हो,” ती म्हणाली. “माझ्याच हातचं आहे ते.”

आणि मान खाली घालून पुढचं ऐकू लागली.